ग्रुप किती मिलिमीटरचा? रायफलच्या ग्रुपचं माप नीट कसं घ्यावं

टार्गेट उतरवून हातात घेतलं आणि पाच भोकं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली, की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, "किती मिलिमीटरचा ग्रुप?" ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका. तोच कागद तीन नेमबाजांकडे दिला तर बहुतेक वेळा तीन उत्तरं येतात. एकाने बाहेरच्या कडांमधलं अंतर सांगितलेलं असतं. दुसऱ्याने भोकांचे मध्य नजरेने ठरवून पट्टी लावलेली असते. तिसऱ्याने "ती एक सोडून द्या, ती माझ्याकडून गेली" म्हणत चारच भोकं मोजलेली असतात. तिघांचीही पट्टी बरोबर असते, फक्त तिघांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात.

ग्रुपचं माप घेतो ते कशासाठी, हे आधी ठरवावं. गोळ्यांचा कोणता लॉट (एकत्र बनलेली खेप) या बॅरलला जमतो, नवीन बट प्लेटने (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाने) फरक पडला का, गेल्या महिन्यापेक्षा माझं होल्ड (रायफल स्थिर धरणं) सुधारलं का, असे प्रश्न त्यामागे असतात. त्यांची खरी उत्तरं हवी असतील तर माप प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने घ्यायला हवं आणि एकाच ग्रुपवर निकाल देऊ नये. पुढे जे लिहिलं आहे ते या दोन गोष्टींसाठी आहे.

गोळी सुटण्याआधीची तयारी

मापाची निम्मी अचूकता कागदातच असते. पातळ, मऊ कागदावर गोळी भोक पाडत नाही, कागद फाडते. मग कडेला चिंध्या लोंबतात आणि कड नेमकी कुठे हे कळत नाही. टार्गेटसाठी बनवलेला जाडसर कार्ड पेपर वापरा आणि तो मागच्या पुठ्ठ्याला चारही बाजूंनी घट्ट बसवा. मागे पोकळी राहिली की कागद गोळीबरोबर आत ओढला जातो आणि भोक वेडंवाकडं होतं. एअर रायफलच्या सपाट तोंडाच्या छर्ऱ्याला हा त्रास कमी होतो, तो कागद पंचसारखा कापतो. पॉइंट टू टू च्या (.२२ इंची रायफलच्या) गोल नाकाच्या गोळीला मात्र कागदाची जात फार जाणवते.

अंतर टेपने मोजा. रेंजवर "पन्नास मीटर" लिहिलेलं असलं तरी तुमची जागा रेषेच्या मागे असू शकते. अंतरात दोन टक्के चूक असेल तर कोनात काढलेल्या उत्तरातही तेवढीच चूक येते.

एका ग्रुपमध्ये किती गोळ्या, हे पहिली गोळी मारण्याआधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. चौथी गोळी सुंदर बसली म्हणून तिथेच थांबायचं नाही आणि पाचवी बाहेर गेली म्हणून सहावी मारायची नाही. साइटर, म्हणजे नेम जुळवण्यासाठी आधी मारायच्या गोळ्या, वेगळ्या चकतीवर (टार्गेटवरच्या नेमाच्या गोलावर) मारा. ग्रुप चालू असताना साइटला (नेम धरायच्या साधनाला) हात लावू नका. ग्रुप मध्याच्या बाहेर पडत असेल तर पडू द्या. ग्रुपचा आकार आणि ग्रुपची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आज आपण आकार मोजतो आहोत.

त्याच कार्डाच्या कोपऱ्यात, ग्रुपपासून लांब, एकच गोळी मारून ठेवा. हे एकटं भोक पुढे फार कामाला येणार आहे.

भोक गोळीएवढं नसतं

भिंग घेऊन पॉइंट टू टू चं एक भोक नीट बघा. मध्ये उघडी जागा दिसते, तिच्या भोवती आत वळलेले कागदाचे तंतू आणि त्यांच्याही भोवती एक करडी कड. ती कड म्हणजे गोळीच्या अंगावरचं वंगण, शिसं आणि काजळी कागदाला पुसली गेल्याची खूण. गोळी निघून गेल्यावर कागद थोडा परत मिटतो, म्हणून उघडं भोक गोळीच्या व्यासापेक्षा लहान दिसतं. पॉइंट टू टू ची गोळी साधारण ५.६ मिमीची असते, पण उघडी जागा मोजली तर आकडा हमखास त्याहून कमी भरतो. एअर रायफलचा छर्रा ४.५ मिमीचा असतो, तिथेही थोडाफार हाच प्रकार.

म्हणून माप घेताना करड्या कडेची बाहेरची हद्द धरा. ती स्पष्ट दिसत नसेल तर कागद उलटा करून बाहेर आलेले तंतू नखाने हलकेच दाबून सपाट करा आणि पुन्हा पुढून बघा. कागद खरवडू नका. एकदा कड बिघडली की ती परत मिळत नाही.

पाच भोकांतली टोकाची दोन

ग्रुपचा आकार म्हणताना बहुतेक जण जे मोजतात ते म्हणजे एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. याला मी इथे टोकाचं अंतर म्हणतो. सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं भोक म्हणजेच ही जोडी, असं गृहीत धरू नका. तिरक्या ग्रुपमध्ये डोळा सहज फसतो. शंका असेल तर दोन-तीन जोड्या मोजा आणि मोठा आकडा धरा.

आता कॅलिपर. जबडे दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांवर आणा आणि आकडा वाचा. जबडा कागदात रुतवू नका. कॅलिपर कागदाच्या किंचित वर धरून, एक डोळा मिटून, सरळ वरून बघा. तिरकं बघितलं की अर्धा मिलिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. तीनदा मोजून सरासरी घ्या. तिन्ही आकड्यांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर कॅलिपर ठीकच असेल, कड ओळखण्यात चूक होते आहे.

या आकड्यातून एका भोकाचा व्यास वजा केला की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. वजा काय करायचं, इथे बहुतेकांचं चुकतं. कोपऱ्यातलं एकटं भोक आठवतं? ज्या पद्धतीने ग्रुपच्या कडा धरल्या, अगदी त्याच पद्धतीने ते भोक मोजा आणि तोच आकडा वजा करा. समजा बाहेरून बाहेर १७.६ मिमी भरलं आणि एकटं भोक ५.२ मिमी भरलं, तर ग्रुप १२.४ मिमीचा. गोळी ५.६ ची म्हणून ५.६ वजा केले तर उत्तर १२.० येतं, म्हणजे ग्रुप फुकटात ०.४ मिमीने लहान झाला. पन्नास मीटरवर हा फरक तीन टक्क्यांचा आहे. एअर रायफलच्या तीन-चार मिलिमीटरच्या ग्रुपमध्ये तेवढीच चूक दहा टक्क्यांच्या वर जाते आणि मग दोन छर्ऱ्यांची तुलना निरर्थक होते.

भोकं सुटी आणि स्वच्छ असतील तर वजाबाकीशिवायही काम होतं. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, दोन्ही मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरून मोजा. ते थेट मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर असतं. मी कॅलिपरचं उत्तर पडताळायला हीच युक्ती वापरतो.

सगळ्या गोळ्या एकाच भोकात गेल्या तर

आनंदाची गोष्ट, पण मोजायला कठीण. मोठ्या फाटक्या भोकाच्या कडेवर छोटे छोटे कमानीसारखे तुकडे दिसतात, त्यातला प्रत्येक तुकडा एका गोळीच्या बाहेरच्या कडेचा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बारीक पेनाने कोपऱ्यातल्या एकट्या भोकाच्या व्यासाचं वर्तुळ काढा आणि मध्यावर टिंब द्या. हे वर्तुळ एकेका कमानीवर बसवून टिंबाच्या जागी टाचणीची खूण करा. मग या खुणांमधलं अंतर मोजा.

पण कागदावर दिसणाऱ्या कमानी चार आणि मारलेल्या गोळ्या पाच, असं झालं तर? पाचवी गोळी आधीच्याच भोकातून गेली की कागद सोडूनच गेली, हे समोरच्या कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी मागे थोड्या अंतरावर दुसरा कागद लावून तो प्रत्येक गोळीनंतर थोडा सरकवतात. बेंचरेस्टच्या (रायफल टेबलावर टेकवून मारायच्या) स्पर्धांत मागचा कागद याच कारणासाठी हलता ठेवलेला असतो. घरगुती सरावात एवढं जमलं नाही तरी निदान दोन गोळ्यांनंतर दुर्बिणीतून बघून नोंद ठेवा.

दहा मीटरच्या स्पर्धेत कागदी टार्गेटवर प्रत्येक चकतीत एकच छर्रा मारतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. तुम्हीही दहा चकत्यांवर एकेक छर्रा मारून प्रत्येकाची जागा मध्यापासून मोजू शकता आणि सगळ्या एका आलेखावर उतरवून ग्रुप बनवू शकता. वेळ लागतो, पण एकही छर्रा हरवत नाही.

कागद आणायला पुढे जाताना फायरिंग थांबल्याची सूचना मिळालेली हवी, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आणि त्यात सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) हवा. ग्रुप बघण्याची घाई कितीही असली तरी याला अपवाद नाही.

मिलिमीटरपासून कोनाकडे

१२ मिमीचा ग्रुप चांगला की वाईट हे अंतराशिवाय सांगता येत नाही. म्हणून कोनात बोलतात. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. दहा मीटरवर तो २.९ मिमी, पन्नासवर १४.५ मिमी, शंभरवर २९.१ मिमी आणि तीनशेवर ८७.३ मिमी होतो. शंभर यार्डांवर १.०४७ इंच. आपला १२.४ मिमीचा ग्रुप पन्नास मीटरवर असेल तर १२.४ भागिले १४.५४, म्हणजे ०.८५ एमओए.

हा आकडा दुसऱ्या अंतरावर जसाच्या तसा नेऊ नका. शंभर मीटरवर तोच ग्रुप दुप्पट होईल असं गणित सांगतं, पण वारा आणि गोळ्यांच्या वेगातला फरक अंतर वाढलं की जास्त जोराने दिसू लागतात. प्रत्यक्षात ग्रुप दुपटीहून मोठा निघतो.

तीन गोळ्यांचा ग्रुप का फसवतो

नेमबाजीच्या पहिल्या वर्षांत मी दोन लॉटमधून निवड केली ती प्रत्येकी तीन गोळ्यांच्या दोन-दोन ग्रुपवर. एका लॉटचे दोन्ही ग्रुप इतके देखणे होते की मी त्याचीच मोठी खरेदी केली. पुढे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारले तेव्हा दोन्ही लॉट अगदी सारखे निघाले. लॉटमध्ये दोष नव्हता, माझा पुरावाच तोकडा होता.

टोकाचं अंतर फक्त दोन गोळ्यांवरून ठरतं. जितक्या जास्त गोळ्या माराल तितकी एखादी लांब जाण्याची शक्यता वाढते, म्हणजे रायफल तीच, नेमबाज तोच, तरी ग्रुप वाढतो. गोळ्या सगळीकडे सारख्या विखुरतात असं धरून गणित केलं तर दोन गोळ्यांच्या ग्रुपचं सरासरी टोकाचं अंतर विखुरण्याच्या एककाच्या (एका दिशेतल्या प्रमाण विचलनाच्या) १.७७ पट येतं, तीन गोळ्यांचं २.४१ पट, पाचांचं ३.०७ आणि दहांचं ३.८१ पट. तीन गोळ्यांचा १० मिमीचा ग्रुप आणि पाच गोळ्यांचा १२.७ मिमीचा ग्रुप सरासरीने एकच कामगिरी दाखवतात. दहा गोळ्यांच्या ग्रुपमध्ये ती पावणेसोळा मिमी दिसेल. म्हणून गोळ्यांची संख्या न सांगता ग्रुपचा आकडा सांगणं मला अर्धवट वाटतं.

शिवाय एकाच रायफलचे पाच गोळ्यांचे ग्रुप केवळ योगायोगाने सरासरीच्या पाव भागाएवढे खालीवर होतात. चार ग्रुपची सरासरी घेतली की हा हेलकावा निम्मा होतो, साधारण बारा-तेरा टक्क्यांवर येतो. तेव्हा दोन लॉटच्या सरासरीत आठ-दहा टक्क्यांचा फरक दिसला तर तो फरकच नाही असं समजा आणि आणखी ग्रुप मारा.

सरासरी त्रिज्या: थोडं जास्त काम, खूप जास्त माहिती

माझ्या मते घरी बसून करण्यासारखं सर्वांत उपयोगी माप हेच. टोकाच्या अंतरात मधल्या तीन गोळ्यांना काहीच किंमत नसते. सरासरी त्रिज्येत प्रत्येक गोळी मोजली जाते.

कार्ड आलेख कागदावर ठेवा आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून प्रत्येक भोकाच्या मध्याचं आडवं व उभं अंतर मिमीमध्ये लिहा. समजा पाच गोळ्या अशा आहेत: १२ व १५, १८ व २१, १५ व ९, २० व १४, १० व १६. आडव्या आकड्यांची बेरीज ७५, सरासरी १५. उभ्यांचीही ७५, सरासरी १५. म्हणजे ग्रुपचा मध्य १५, १५ वर. आता या मध्यापासून प्रत्येक गोळी किती लांब? पहिली आडवी ३ आणि उभी ०, म्हणून अंतर ३. दुसरी आडवी ३ आणि उभी ६, वर्गांची बेरीज ४५, वर्गमूळ ६.७. तिसरी ६. चौथी आणि पाचवी प्रत्येकी ५.१. पाचही अंतरांची सरासरी ५.२ मिमी, ही झाली सरासरी त्रिज्या.

याच ग्रुपचं टोकाचं अंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीमधलं, १२.४ मिमी. आता दुसरी गोळी "फ्लायर" (भरकटलेली गोळी) म्हणून काढून टाका, टोकाचं अंतर एकदम १०.२ वर येतं. एक गोळी विसरली की ग्रुप अठरा टक्क्यांनी लहान. म्हणून माझा नियम कडक आहे: गोळी सुटताना, कागद बघण्याआधी, "ही माझ्या हातून गेली" असं बोललात किंवा लिहिलंत तरच तिच्याबद्दल पुढे बोलायचं. तेव्हाही ती वगळून आणि धरून असे दोन्ही आकडे लिहायचे. कागद बघितल्यावर आठवलेलं कारण ग्राह्य नाही.

सरासरी त्रिज्येचा आणखी एक फायदा म्हणजे मध्य आपोआप हाती येतो. साइटच्या किती क्लिक (सरकवायचे टप्पे) द्यायच्या हे एखाद्या भोकावरून न ठरवता या मध्यावरून ठरवा.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरून माप

कागद नसेल तरी दशांश गुणांवरून अंतर काढता येतं. दहा मीटर एअर रायफलमध्ये ११ मधून गुण वजा करून २.५ ने गुणा, टार्गेटच्या मध्यापासून छर्ऱ्याच्या मध्याचं अंतर मिमीमध्ये मिळतं. १०.५ म्हणजे १.२५ मिमी. पन्नास मीटर रायफलमध्ये २.५ ऐवजी ८ घ्या, १०.५ म्हणजे ४ मिमी. यावरून हेही कळतं की पन्नास मीटरवर मध्यावर बसलेला १६ मिमी व्यासाच्या वर्तुळात मावणारा ग्रुप सगळ्या दहा देतो, तर दहा मीटरवर त्यासाठी ५ मिमी व्यासाचं वर्तुळ लागतं. मात्र गुण फक्त अंतर सांगतात, दिशा नाही. ग्रुपसाठी पडद्यावरचं चित्र किंवा सिस्टिम देत असलेले आडवे-उभे आकडे घ्या.

मोबाइलने फोटो काढून मापणार असाल तर कागदाशेजारी, त्याच पातळीवर, स्टीलची पट्टी ठेवा. मोबाइल कागदाला समांतर धरा, थोडा लांबून, ग्रुप चौकटीच्या मध्यात येईल असा. फोटोच्या कडेला माप ताणलं जातं.

आकार मोजून झाला, आता घडण बघा

टोकाच्या अंतराबरोबर आडवी आणि उभी पसरण वेगळी लिहा. वरच्या ग्रुपमध्ये आडवी १० आणि उभी १२ आहे, म्हणजे जवळपास गोल. उभी पसरण आडवीच्या दुप्पट दिसू लागली तर श्वास कुठे थांबतो, गोळ्यांचा वेग किती बदलतो आणि स्लिंगमधून (रायफलला जोडून दंडावर बांधायच्या पट्ट्यातून) नाडीचे ठोके येतात का, हे बघा. आडवी वाढली तर वारा, ट्रिगरवरचं बोट आणि रायफल तिरकी धरली जाणं. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळलेल्या) बॅरलमधून पॉइंट टू टू मारताना वाऱ्याने ग्रुप तिरका ताणला जातो. उजवीकडून वारा आला तर गोळी डावीकडे आणि किंचित वर जाते, डावीकडून आला तर उजवीकडे आणि किंचित खाली. घड्याळात दहा ते चार अशी रेघ दिसली, तर होल्डमध्ये चूक शोधण्याआधी वारा दाखवणाऱ्या झेंड्यांकडे बघा.

चार-पाच ग्रुप झाल्यावर ट्रेसिंग पेपरवर सगळे एकावर एक उतरवा, नेमाचा बिंदू एकच ठेवून. सुटे ग्रुप लहान पण प्रत्येक वेगळ्या जागी, असं चित्र दिसलं तर नुसत्या आकारांच्या सरासरीने ते झाकलं गेलं असतं. पोझिशन दरवेळी थोडी बदलते आहे, किंवा साइटचा वा बेडिंगचा (रायफलचा धातूचा भाग दस्त्यात बसवणारा) स्क्रू सैल आहे. साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये मोजली जाते ती हीच एकत्र पसरण.

कागदाच्या मागे मी लिहितो ते असं: तारीख, अंतर, लॉट, गोळ्या, आधाराने की स्लिंगने, वारा, तापमान, एकट्या भोकाचं माप, टोकाचं अंतर, सरासरी त्रिज्या, आडवी, उभी, आधी सांगितलेला फ्लायर असेल तर त्याची खूण. वाईट ग्रुपसुद्धा त्याच फाइलमध्ये जातो, तारखेच्या क्रमाने.